वाचकांचे प्रश्न : ‘शेनम्यू’ भारी आहे की नुसता बोअर?

मागच्या अंकात जुन्या गेम्सच्या यादीत ‘शेनम्यू’बद्दल आम्ही एकच वाक्य लिहिलं होतं, "जरूर खेळा पण घाईत असाल तर नका खेळू", आणि त्यावर एवढी पत्रं आली, निम्मी प्रेमाची आणि निम्मी शिव्यांची, की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सेगा कंपनीचा हा गेम २९ डिसेंबर १९९९ ला जपानमधे त्यांच्याच ड्रीमकास्ट या गेम मशीनवर आला, बनवणारा यू सुझुकी. गोष्ट १९८६ च्या हिवाळ्यातली, जपानच्या योकोसुका गावातली. र्‍यो हाझुकी नावाच्या अठरा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांदेखत लान दी नावाचा चिनी माणूस त्याच्या वडिलांना घरच्याच दोजोमधे (मार्शल आर्टच्या आखाड्यात) मारतो, एक आरसा घेऊन काळ्या गाडीतून निघून जातो, आणि मग र्‍यो त्याचा माग काढायला लागतो. एवढं ऐकून वाटेल धडाधड मारामारी असणार. तर नाही. पोरगा गल्लीत हिंडतो, लोकांना प्रश्न विचारतो, घरातले ड्रॉवर उघडून बघतो, आणि रात्री उशीर झाला की घरी येऊन झोपतो. ड्रीमकास्ट आपल्याकडे फारसा कुणी पाहिला नाही, पण २०१८ ला पहिला आणि दुसरा भाग पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर परत आले, आणि पत्रं लिहिणाऱ्या बहुतेकांनी तेच खेळलेत.

प्रश्न : दादा मी बीएस्सीला आहे, गेम्स लहानपणापासून खेळतोय. २०२५ ला बाफ्टाच्या (सिनेमा-गेम्सना अवॉर्ड देणारी ब्रिटिश संस्था) लिस्टमधे आजवरचा सगळ्यात प्रभावी गेम म्हणून शेनम्यू एक नंबरला आला, डूम दोनला आणि सुपर मारिओ तीनला, म्हणून म्हटलं बघूया तरी आणि सेलमधे घेतला. आणि काय सांगू, दोन-तीन संध्याकाळी झाल्या मी फक्त "त्या दिवशी काळी गाडी बघितली का" एवढंच विचारत फिरतोय. ही म्हणते तिला विचार, ती म्हणते त्या दुकानदाराला विचार, दुकानदाराकडे गेलो तर दुकान बंद. फायटिंग कधी येणार? मित्र म्हणतो तुला कळत नाही, हा आर्ट आहे. माझं काही चुकतंय का खरंच? (कोल्हापूर)

उत्तर : तुझं काही चुकत नाहीये भावा, आणि मित्राला सांग की आर्ट असलं तरी जांभई येऊ शकते. पहिलं म्हणजे बाफ्टाचं ते लोकांचं मतदान होतं आणि विचारलं होतं प्रभावी कोणता, मजा कशात जास्त येते असं कुणी विचारलंच नव्हतं. प्रभाव म्हणजे काय, तर दिवस मावळतो, दुकानदार शटर ओढून घरी जातो, रस्त्यावरच्या शेकडो माणसांना स्वतःचा दिनक्रम आहे, मधेच स्क्रीनवर बटण चमकतं आणि ते पटकन दाबायचं, या सगळ्या गोष्टी एका जागी आणि एवढ्या बारकाईने त्याने १९९९ ला करून दाखवल्या. तू ज्या गेम्सवर वाढलास त्यात हे सगळं आधीच होतं, मग तुला त्यात नवल कशाचं वाटणार? ते तुझ्या बाजूने अगदी बरोबर आहे.

पण एक सांगतो, आणि हेच मी या कॉलमात सगळ्यांना सांगणार आहे. या गेममधे हळूपणा आहे आणि खोळंबा पण आहे, आणि लोक दोन्ही एकत्र करून एक तर सगळ्याला थोर म्हणतात नाहीतर सगळ्याला टाकाऊ. खोळंबा म्हणजे तुला कुणीतरी सांगतं रात्री ये, घड्याळात दुपारचे दोन वाजलेत, आणि पहिल्या भागात वेळ पुढे ढकलायची सोयच नाही. मग एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसल्यासारखं तू नुसता उभा. हे वाईटच आहे, त्याला तत्त्वज्ञान चिकटवू नये कुणी. हळूपणा वेगळा. तुझ्या घराखालच्या रस्त्यावर एक छोटं देऊळ आहे, तिथे मेगुमी नावाची लहान मुलगी खोक्यात ठेवलेलं मांजराचं पिल्लू घेऊन बसलेली असते, भेटली का तुला? त्या पिल्लाची आई गाडीखाली गेलीये, आणि ती गाडी म्हणजे तू ज्या काळ्या गाडीबद्दल गावभर विचारत फिरतोयस तीच. दुकानातून दूध नाहीतर सुके मासे घेऊन तू त्या पिल्लाला खायला घालू शकतोस, नाही घातलंस तरी गोष्ट अडत नाही, कुणी पॉइंट देत नाही. पण एका माणसाच्या खुनाची झळ गल्लीतल्या मांजरापर्यंत कशी गेली ते तुला पळत गेलास तर दिसणारच नाही.

तेव्हा असं कर, काळ्या गाडीचा नाद थोडा बाजूला ठेव, दोबुइता या बाजाराच्या गल्लीतल्या आर्केडमधे (नाणं टाकून गेम्स खेळायच्या दुकानात) जा, तिथल्या मशीनवर हँग-ऑन खेळ, स्पेस हॅरिअर खेळ, डार्ट्स मार, आणि तरीही कंटाळा आला तर सरळ बंद कर. फायटिंग येईल, पण फायटिंगसाठी हा गेम घेतला असशील तर तुझे पैसे वाया गेले असं मी स्पष्टच सांगतो.

प्रश्न : नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय ६६. भाच्याने त्याच्या टीव्हीवर हा खेळ लावला, तो स्वतः अर्ध्या तासात कंटाळून उठला आणि मी बसलो ते बसलोच. मला हा खेळ फार आवडला हो. पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे मधेच बटण दाबायची वेळ येते तिथे माझा हात चालत नाही, मी बटण शोधेपर्यंत र्‍यो आपटलेला असतो. दुसरं म्हणजे मला वाटलेलं कुणाला सांगायला गेलो तर हसतात. त्या पोराचा बाप गेलाय, आणि घरात सगळं बघणारी ती इने-सान त्याला अजून रोज ५०० येन खर्चायला देते, यावर मी बराच विचार केला. आमच्या वयाच्या माणसाने असले खेळ खेळावेत का? (सांगली)

उत्तर : काका, खेळावेत की! आणि हसणाऱ्यांना हसू द्या, या आठवड्यात आलेल्या पत्रांत इने-सानच्या ५०० येनवर थांबलेले तुम्ही एकटेच आहात आणि माझ्या मते गेम कळलेले पण. र्‍यो वैतागलेला असतो, उशिरा घरी येतो, धड बोलत नाही, आणि ती काही प्रश्न न विचारता रोजचे पैसे देत राहते. तो फुकु-सान पण बघा, दोजोमधे राहणारा, गुरू गेल्यावर काय करावं हे न कळलेला. सूड घ्यायचा म्हणून निघालेल्या नायकाच्या मागे घरची माणसं काय करत असतात हे सहसा कुठलाच गेम दाखवत नाही, कारण तिथे दाखवण्यासारखं काही घडत नसतं. इथे ते रोज सकाळी दिसतं कारण तुम्हाला रोज सकाळी त्याच घरातून बाहेर पडायचं असतं. तेच ते घर आहे म्हणून कंटाळणारे कंटाळतात, आणि तेच ते घर आहे म्हणूनच शेवटी ते सोडून जाताना काहीतरी होतं. दोन्ही खरं आहे.

बटणांचं म्हणाल तर टेन्शन घेऊ नका. चुकलात तर बहुतेक वेळा तोच प्रसंग पुन्हा खेळायला मिळतो, आणि काही ठिकाणी तर चुकल्यावर वेगळाच सीन दिसतो, तोही बघण्यासारखा असतो. आणि सरळ उपाय म्हणजे मारामारी आली की भाच्याला हाक मारा, त्याला तेवढंच हवंय. एक मात्र सांगून ठेवतो, या गेमला न दिसणारी मुदत आहे. तुमचं हिंडणं डिसेंबर १९८६ ला सुरू होतं आणि तुम्ही एप्रिल १९८७ च्या मध्यापर्यंत नुसतेच हिंडत बसलात तर लान दी परत येतो आणि सगळं वाईट पद्धतीने संपतं. पण तिथवर पोचायला फारच रेंगाळावं लागतं, तुम्ही निवांत असा. ख्रिसमसच्या सुमाराला दोबुइतात सांताक्लॉज उभा असतो, तो बघायला विसरू नका.

प्रश्न : मी चाकणला एका गोडाऊनमधे शिफ्टला आहे, दिवसभर पॅलेट हलवतो, फोर्कलिफ्टचं लायसन पण आहे. घरी येऊन म्हटलं जरा गेम खेळू, गोष्ट एकदम रंगात आली होती, गँगचा पत्ता लागत होता, आणि एकदम तो र्‍यो बंदरावर नोकरीला लागतो आणि मला काय करायला लावतात तर फोर्कलिफ्ट!! खोकी एका गोडाऊनमधून दुसऱ्या गोडाऊनमधे. अरे माझ्या बापाने सूड घ्यायला पाठवलंय का ड्युटीला? रडावं का हसावं कळेना, आणि खरं सांगू तर थोडं आवडलं पण, बायकोला सांगितलं नाही. (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : या वर्षातलं आमच्याकडे आलेलं सगळ्यात भारी पत्र. बायकोने वाचलं तर आम्हाला दोष देऊ नका.

फोर्कलिफ्टवरून या गेमची जगभर टिंगल होते, आणि मी मात्र ठामपणे म्हणतो की पहिल्या भागातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे. का ते सांगतो. तिथवरचे दिवस कसे असतात, उठायचं, हिंडायचं, विचारायचं, वाट बघायची, कधी काही मिळतं कधी नाही. मग एकदम नोकरी. सकाळी कामगारांची फोर्कलिफ्टवर शर्यत (तुमच्या सेफ्टीवाल्या साहेबांना हे दाखवू नका), मग खोकी, दुपारी जेवणाची सुट्टी, त्यात गँगच्या पोरांची चौकशी, पुन्हा खोकी, संध्याकाळी पगार. दिवसाला आकार येतो. काम तेच ते आहे, हळू पण आहे, पण बघा, त्यात कुठेही नुसतं थांबावं लागत नाही. पहिल्या पत्राला मी जे म्हटलं ना, हळूपणा आणि खोळंबा, त्यातला हा निव्वळ हळूपणा, खोळंबा शून्य.

आणि तुम्हाला वेगळं सांगायला नको, पॅलेटखाली काटे नीट घालणं, मागे घेताना कोपऱ्याला न आपटणं, जागेवर अलगद उतरवणं, यात हाताला एक प्रकारचं समाधान असतं. गेमने ते पकडलंय. शिवाय रोज तीच गोडाऊनं, तेच आकडे, तेच वळण करत करत बंदराचा नकाशा तुमच्या डोक्यात बसतो, आणि मग शेवटी त्याच बंदरावर रात्री ७० जणांशी मारामारी होते तेव्हा ती अनोळखी जागा राहत नाही, ती तुमची कामाची जागा झालेली असते. दुसऱ्या एखाद्या गेमने तीच मारामारी तिसऱ्या मिनिटाला दिली असती आणि आपण विसरून पण गेलो असतो.

बाकी दिवसभर खरं फोर्कलिफ्ट चालवून रात्री खोटं चालवणं जरा जास्तच होतंय, तर तो भाग रविवारी खेळा.

प्रश्न : सर, मी पुण्यात गेम डिझाईन शिकतेय. आमच्या वर्गात शेनम्यूवरून दोन पार्टी आहेत. एक म्हणते की वाट बघायला लावणं हे मुद्दाम केलेलं डिझाईन आहे, र्‍योला जे वाटतं ते आपल्यालाही वाटावं म्हणून. दुसरी म्हणते असं काही नाही, त्यांना तेव्हा जमलं नाही आणि चाहते आता त्याला अर्थ लावत बसलेत. तुमचं काय मत? आणि हँग-ऑन, आउट रनसारखे इतके फास्ट गेम्स बनवणारा माणूस एकदम इतका स्लो कसा झाला?

उत्तर : पुरावा दुसऱ्या भागातच आहे. २००१ च्या ‘शेनम्यू २’ मधे ठरलेल्या वेळेच्या जागी जाऊन उभं राहिलं की गेम विचारतो, वाट बघायची का, हो म्हटलं की घड्याळ पुढे. म्हणजे स्वतः बनवणाऱ्यांनाच कळलं होतं की नुसतं उभं राहणं कामाचं नाही. ते जर पवित्र डिझाईन असतं तर काढलं नसतं ना. पण त्याच दुसऱ्या भागात शेवटी चीनमधल्या ग्वेलिनच्या डोंगरात र्‍यो आणि तिथे भेटलेली मुलगी शेनह्वा नुसते चालत जातात, बोलत जातात, किती वेळ! मारामारी जवळजवळ नाहीच. ते काढलं नाही, उलट वाढवलं. मग मुद्दाम काय होतं आणि राहून काय गेलं होतं हे स्पष्ट आहे. तुमच्या दोन्ही पार्ट्यांनी आधी कुठल्या मिनिटांबद्दल भांडतोय ते ठरवावं, निम्मं भांडण तिथेच मिटेल.

सुझुकीबद्दल म्हणशील तर मला त्यात उलटसुलट काही वाटत नाही. हँग-ऑन १९८५, स्पेस हॅरिअर त्याच वर्षी, आउट रन १९८६, व्हर्च्युआ फायटर १९९३, हे सगळे आर्केडचे गेम्स, म्हणजे नाणं टाका, काही मिनिटांत खेळ खल्लास, मागे लाईन उभी. असा माणूस वर्षानुवर्षं काही मिनिटांच्या खेळात अडकलेला असतो. घरच्या मशीनसाठी करायला मिळाल्यावर त्याने अख्खे दिवस वापरले. आणि शेनम्यूची सुरुवात तर सॅटर्न या सेगाच्या आधीच्या मशीनसाठी व्हर्च्युआ फायटर या मारामारीच्या गेमची आरपीजी, म्हणजे गोष्टीतलं पात्र होऊन खेळायचा गेम, करायच्या कल्पनेतून झाली होती, म्हणून तर मारामारीचे डाव एवढे दणदणीत आहेत आणि ते वापरायची वेळ एवढी कमी येते, ही खरी विसंगती. त्या डावांचा सराव करायला रिकामं पार्किंग आहे, दोजो आहे, पण समोर माणूस कधीतरीच. तक्रार करायचीच तर मी त्याबद्दल करेन.

एक गोष्ट तू प्रत्यक्ष करून बघ, वर्गासाठी पण उपयोगी आहे. हाझुकींच्या घरात जा आणि एकेक ड्रॉवर उघड. खणात कॅसेट असते, हातात घेता येते, फिरवून बघता येते, परत ठेवता येते. बहुतेक खणांत कामाचं काहीच नसतं. पण दहा रिकामे खण उघडल्यावर अकराव्यात काहीतरी सापडतं तेव्हा ते "गेमने ठेवलेलं" वाटत नाही, घरात होतं आणि मला मिळालं असं वाटतं. हा परिणाम हवा असेल तर रिकामे खण बनवावे लागतात, आणि रिकाम्या खणांना पण पैसे पडतात. सुझुकीने नंतर सांगितलेला खर्च ४ कोटी ७० लाख डॉलर, त्याआधी तर लोक ७ कोटी म्हणायचे, आणि खप साधारण १२ लाख प्रती. ड्रीमकास्टचं उत्पादन सेगाने २००१ ला बंदच केलं. तेव्हा प्रोजेक्टला खण बनव, पण सगळ्या घरांना नको.

(त्या घरात टीव्हीपाशी सेगा सॅटर्न पण ठेवलेला आहे. गोष्ट १९८६ ची, सॅटर्न आला १९९४ ला. १९८६-८७ च्या योकोसुकाच्या हवामानाच्या नोंदी काढून गेममधला पाऊस-बर्फ ठरवायची सोय करणाऱ्या लोकांनी हे केलंय, मला ते फार आवडतं.)

प्रश्न : भाऊ, काहून असं केलं त्यानं? दुसरा भाग गुहेत अर्धवट सोडला, तिसऱ्यासाठी अठरा वर्षं वाट पाहिली, मधे २०१५ ला किकस्टार्टर (लोकांकडून आधीच पैसे जमवायची साईट) आलं तर हिकडून तिकडून डॉलरची सोय करून पैसे भरले, त्यात पण शेवटी पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानात येणार म्हणून सांगून एपिक या दुसऱ्याच दुकानात आणला. चला ते पण सोडलं. खेळायले बसलो तर पोरगा धावला की त्याची एनर्जी उतरते, खायले घाला, परत धावा, परत घाला. आणि एवढं करून गोष्ट संपतच नाही! मित्र म्हणतात हाच तर खरा शेनम्यू, स्लो. मले तर फसवल्यासारखं वाटते. (नागपूर)

उत्तर : राजेहो, तुमचा राग रास्त आहे आणि मी तो कमी करायला जाणार नाही. किकस्टार्टरवर ६३ लाख डॉलर जमले होते, त्यावेळचा व्हिडिओ गेम्समधला मोठा विक्रम, आणि ते पैसे देणारी माणसं गोष्ट पुढे सरकेल म्हणून देत होती. १९ नोव्हेंबर २०१९ ला गेम आला आणि गोष्ट जेमतेम सरकली. स्टीमचं म्हणाल तर ओरड झाल्यावर पैसे परत द्यायची सोय केली त्यांनी, पण मन उतरलं ते उतरलंच.

तुमच्या मित्रांना मात्र माझ्या वतीने सांगा की एनर्जी उतरणं हा शेनम्यूचा हळूपणा नाहीच. पहिल्या भागात तुम्ही गल्लीतून हळू जाता कारण गल्लीत बघायला काहीतरी असतं. तिसऱ्यात हळू जाता कारण एनर्जीची पट्टी संपते. पहिल्यात तुमचं लक्ष गुंतलेलं असतं आणि तिसऱ्यात तुम्ही पट्टी भरायला लसूण विकत घेत असता. जुन्या चाहत्यांचं प्रेम हळूपणावर आहे असं समजून हळूपणा वरून घातला, असं मला वाटतं. पण तरी बायलू गाव सकाळच्या उन्हात काय दिसतं! लाकडं फोडायचं काम, औषधी पाला गोळा करणं, संध्याकाळी शेनह्वाच्या घरी बसून तिच्याशी लहानपणच्या गप्पा, तिथे जुना शेनम्यू भेटतो. दुसऱ्या निम्म्यात शहरात गेल्यावर पैसे जमवायच्या अटी येतात आणि मग परत खोळंबा सुरू. माझा सल्ला, बायलूपर्यंत खेळा आणि ठेवून द्या. बाकी गोष्ट पुढे कधी संपेल याची वाट बघायची की नाही ते तुम्हीच ठरवा, अठरा वर्षांचा अनुभव तुम्हाला आहे.

प्रश्न : आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. नवऱ्याला एका रविवारी योकोसुकाला जायचंच आहे, म्हणे गेममधली गल्ली खरी आहे. मला गेममधलं काही कळत नाही, दिवसभर त्याच्यामागे फिरून मला आणि मुलांना काय मिळणार?

उत्तर : जा हो ताई. दोबुइता ही गल्ली खरंच आहे, केइक्यू लाईनच्या शिओइरी स्टेशनपासून अगदी जवळ, बाजूलाच अमेरिकन नौदलाचा तळ, त्यामुळे तिथली दुकानं, बार, पाट्या सगळं अर्धं जपानी अर्धं अमेरिकन. गेममधे र्‍यो "खलाशी कुठे भेटतील" म्हणून सगळ्यांना विचारत फिरतो आणि जगभरची पोरं त्या वाक्यावर हसतात, पण त्या गल्लीत ते वाक्य अजिबात विचित्र नाही हे तिथे गेल्यावर कळतं. तुमच्यासाठी म्हणाल तर पाठीवर वाघ-ड्रॅगनचं भरतकाम केलेली सुकाजान जॅकेट्स, युद्धानंतर अमेरिकन सैनिकांना आठवण म्हणून विकायला सुरुवात झालेली, ती याच भागाची. मुलांना मिकासा ही जुनी युद्धनौका दाखवा, आतून बघता येते. आणि जेवायला योकोसुकाची नेव्ही करी, गोडसर लागेल, सोबत लोणच्याची पुडी न्या.

नवऱ्याला एवढंच सांगा की र्‍योचं घर शोधत फिरू नको, बंदर पण गेममधल्यासारखं मिळणार नाही, ते मनाने रचलेलं आहे. गल्ली मात्र कोपऱ्यावरून ओळखू येते असं जाऊन आलेले सगळे सांगतात. तो मधेच थांबून भिंतीकडे बघत बसला तर पंधरा मिनिटं द्या, जास्त नको.

प्रश्न : याकुझा सिरीज खेळलोय, झिरो तर दोनदा. शेनम्यू खेळायची गरज आहे का? (ठाणे)

उत्तर : गरज कशाचीच नसते. याकुझा २००५ पासून सेगाचाच, गल्ली, दुकानं, आर्केड सगळं आहे, आणि दर चौकात कुणीतरी मारायला येतं म्हणून कंटाळा येत नाही. पण म्हणूनच गल्ली बघायची पण राहते. तुला याकुझातल्या कामुरोचो वस्तीत मारामारी टाळून रात्री नुसतं हिंडावंसं वाटलं असेल कधी, तर शेनम्यू घे. नसेल वाटलं तर पैसे वाचव.

प्रश्न : इंग्लिश आवाज ऐकून हसू येतं, सीरियस सीनमधे पण. काय करू? (लातूर)

उत्तर : सेटिंगमधे जाऊन जपानी आवाज लाव, खाली इंग्लिश सबटायटल्स. २०१८ च्या आवृत्तीत ही सोय आहे आणि निम्मा गेम सुधारतो. पण एकदा तरी इंग्लिशमधे खेळ, लोक ते हसू पण प्रेमानेच हसतात.

प्रश्न : पहिल्या भागाचा कंटाळा आलाय, गोष्ट यूट्यूबवर बघून थेट दुसरा सुरू केला तर चालेल का? पहिल्या भागातलं सेव्ह पुढे नेता येतं म्हणतात, म्हणून अडलोय. पैसे पण साठवलेत बरेच. (औरंगाबाद, म्हणजे संभाजीनगर)

उत्तर : खुशाल सुरू कर. दुसरा भाग जास्त पळता आहे, हाँगकाँग मोठं आहे, वाट बघायची सोय आहे, पहिला न आवडलेल्या बऱ्याच जणांना दुसरा आवडतो. सेव्ह नेलंस तर शिकलेले डाव आणि वस्तू सोबत येतात हे खरं. पण साठवलेल्या पैशांसाठी थांबला असशील तर नको थांबू, बोटीतून उतरल्या उतरल्या थोड्याच वेळात र्‍योची बॅग पळवतात. बॅग परत मिळते. पैसे नाही.